सात डोकी आणि बिराजदार सर

आमच्या घरात सगळ्यावर पिवळा थर असायचा. लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलच्या मागच्या भिंतीला लागून आमची खोली होती. तुरीच्या डाळीची भुकटी दार लावलं तरी आत यायची. भांड्यांवर, अंथरुणावर, माझ्या वह्यांवर, आईच्या पापण्यांवर. बाबा मिलमध्ये हमाल होते, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दिवसभर डाळीचे कट्टे वाहायचे. आई डाळ पाखडायला आणि निवडायला जायची. ती खोकली की पदरावर पिवळं उमटायचं. सही दोघांनाही येत नव्हती.

ताटात कमी होतं, त्याचं मला फार वाटत नाही. घरात भीती जास्त होती, ते आठवतं. मुकादमाची भीती, आजारी पडायची भीती, उद्या खोली रिकामी करा म्हणतील याची भीती. शर्ट-पँटमधला कुणीही समोर आला की बाबांचे हात आपोआप छातीशी जुळायचे. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला भीती नसते. म्हणून मी हट्टानं बारावी केली, कॉलेजला नाव घातलं. आणि पहिल्याच आठवड्यात बिराजदार सर बघितले.

सहा फुटांच्या वर उंची. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगा दचकून उठावा. आणि हा माणूस कुत्र्याला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, प्राचार्यांना भ्यायचा, शिट्टी होण्याआधीच्या कुकरला भ्यायचा. वर्गात आले की आधी वर पंख्याकडं बघायचे. पंख्याच्या बरोबर खाली कुणाला बसू द्यायचे नाहीत. खिशात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर नाव, पत्ता, रक्तगट, आणि खाली लाल शाईनं: "बेशुद्ध पडल्यास तोंडावर पाणी मारू नये. थांबावे."

सर देगलूरच्या पुढचे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे. मराठी शिकवायचे, पण घाबरले की कानडीत जायचे. "अय्यो देवरे" म्हणाले की काहीतरी झालंय, आणि "ब्याडप्पा" म्हणाले की सरांना ते नको आहे, एवढं आम्हाला कळायला लागलं होतं. मोजायचेसुद्धा कानडीत. कुठंही चार पोरं घेऊन निघाले की बोट न हलवता, नुसते ओठ हलवून मोजायचे: ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. चहाच्या टपरीवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत येईतो तीनदा मोजणी व्हायची.

कॉलेजचं नाटक सर बसवायचे. मी त्यात गेले ती तालमीला चहा-बिस्कीट मिळतं म्हणून, खोटं कशाला सांगू. सर पहिल्या विंगेत उभे राहायचे, हातात लाल चौकड्यांचा रुमाल. आवाज पडला की रुमाल वर. बस, दुसरी खूण नाही. हलगी वाजवणाऱ्या जावेदनं एकदा विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी काम केलंय का?"

"एकदा," सर म्हणाले. "पडदा उघडला. मी बंद केला."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "मी भितो. तुम्हीपण भ्या, त्यात काय लाज? पण वाक्य सोडू नका." हे त्यांचं नेहमीचं होतं. भ्या, पण वाक्य सोडू नका.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांनी डाळ मिलमधल्या बायकांवर एकांकिका लिहिली. लिहायच्या आधी पाखडणं नीट बघायचं म्हणून ते आमच्या खोलीवर आले आणि दारातच थांबले. आत शेजारणीची शेळी बांधलेली होती.

"या की सर आत," आई म्हणाली.

"नको नको, माझं इथं बरंय."

"शेळी हाय ती, खात न्हाई माणसाला."

शेवटी शेळी बाहेर गेली आणि सर आत आले. आईनं त्यांच्या हातात सूप दिलं. सरांनी ते दोन्ही हातांनी असं घट्ट आवळलं की आईला राहवलं नाही. "सर, सूप धरलंय का एसटीचं स्टेअरिंग?" बाहेरच्या माणसासमोर आई बोलते हेच मी पहिल्यांदा बघत होते. समोरचा आपल्यापेक्षा भित्रा निघाला की माणूस मोकळा होतो, तसं झालं असावं.

ती एकांकिका राज्याच्या स्पर्धेत निवडली गेली आणि शेवटची फेरी निघाली डोंबिवलीला. सर पुन्हा आमच्याकडं आले, आता बाबांची परवानगी मागायला.

"कुठं म्हणलात?" बाबांनी विचारलं.

"डोंबिवली. मुंबईच्या अलीकडं."

"तिथं काय हाय?"

"नाटकं असतात. लोक तिकीट काढून बघतात."

बाबा सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, पोरगी तुमच्या जिम्म्यावर. तुम्हाला न्हाई म्हणवत न्हाई. पण एक सांगून ठेवतो. हिला सोयरीक आलेली हाय, भावकी रोज इचारायलीय. आमच्याजवळ इज्जतीबिगर काय हाय? तिथं काही बोलणं आलं, तर हिचं कॉलेज तिथंच थांबलं म्हणून समजा."

सरांनी दुसऱ्या हातानं खिशातली चिठ्ठी चाचपली.

निघताना आईनं एकेक किलोच्या तीन पिशव्या दिल्या. तिनं स्वतः निवडलेली तूरडाळ, चुरीचा एक कण नाही. "मोठ्या लोकांच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नका, सर." सरांनी त्याच्यासोबत तीन टॉवेल, तीन पांढऱ्या टोप्या आणि तीन नारळ घेतले. आमच्याकडं हे असंच असतं. लग्नात व्याह्याला, शाळेत साहेब आला तर साहेबाला, डीपी दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलासुद्धा टॉवेल-टोपी होते. त्यात काही मागणं नसतं. तुम्ही आलात, तुमचा मान केला, एवढंच.

आम्ही सात जण होतो, चार मुली आणि तीन मुलं. गाडीत सर झोपले नाहीत. पहाटे कल्याणला उतरलो आणि खरी पंचाईत झाली, कारण पुढं जायला तीन रिक्षा कराव्या लागल्या आणि सर एकच होते. त्यांनी तिन्ही रिक्षांचे नंबर तळहातावर लिहिले. मधल्या रिक्षात बसले आणि सबंध रस्ता कधी मान पुढं काढून तर कधी मागं वळून बघत राहिले. डोंबिवलीत उतरल्यावर पहिलं काम मोजणी. "एळू," म्हणाले. सात.

ते गाव मी विसरणार नाही. एका इमारतीसमोर आम्ही उभे होतो. पहिल्या मजल्यावर कुणी पेटीवर सूर धरला होता, दुसऱ्यावर तबला चालू होता, तिसऱ्यावर घुंगरं. खाली फाटकावर पाट्याच पाट्या: गायन, कथक, चित्रकला, सुंदर हस्ताक्षर. अर्ध्या चड्डीतले एक आजोबा दुधाची पिशवी हलवत आले, नाट्यगृहाच्या बाहेरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि आम्हाला म्हणाले, "लातूरचे का तुम्ही? वा! चार वाजता ना? येतो मी." आणि त्यांना खरंच यायचं होतं. त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आमच्याकडं नाटक बघायला आई-बाप येतात, नाहीतर शिट्ट्या मारणारी पोरं. त्यांचं भय नाही. इथं भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा नाटक कळणारा होता. त्याला आमचं खोटं लगेच दिसलं असतं.

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एक आजी भेटल्या. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "किती गोड भाषा आहे गं तुमची!" त्या प्रेमानंच म्हणाल्या, पण मला राग आला. आमची भाषा आहे ती, पेढा नाही. मी तोंड मिटून घेतलं. आता प्रयोगात तोंड उघडलं की हे हसतील, हेच डोक्यात बसलं. सरांकडं बघितलं. ते जावेदच्या पाठीमागं उभे होते, कारण पायरीशी एक कुत्रं होतं.

साडेतीनला सर मला म्हणाले, "माय, ती पिशवी घे. परीक्षकांचा मान करून येऊ." सर सगळ्या मुलींना माय म्हणायचे.

आधीचा प्रयोग नुकताच संपला होता. सभागृहाच्या मधोमध टेबल होतं आणि तिथं तीन परीक्षक चहा घेत बसले होते. सर त्यांच्यासमोर जाऊन वाकले. पहिले परीक्षक पांढऱ्या दाढीचे, वयस्कर. सरांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि समोर डाळीची पिशवी ठेवली. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. सरांनी तिघांचाही मान केला आणि हात जोडून आपल्या त्या आवाजात म्हणाले, "लातूरहून आलोय. आमच्या पोरांकडं जरा लक्ष असू द्या."

हसणं थांबलं. एका स्वयंसेवकानं मोबाइल वर केला, फोटो काढला. आणि दारातून संयोजक बाई झपझप चालत आल्या.

"सर, हे काय चाललंय?"

"मान केला, बाई."

"प्रयोगाच्या आधी परीक्षकांना वस्तू? आणि लक्ष असू द्या म्हणजे काय?"

"अय्यो देवरे," एवढंच सरांच्या तोंडून बाहेर आलं.

आम्हा दोघांना बाजूच्या छोट्या ऑफिसात नेलं. टॉवेल, टोप्या, नारळ, डाळ, सगळं टेबलावर आणून ठेवलं. बाईंनी नियमांचा कागद पुढं केला. परीक्षकांवर प्रभाव टाकायचा प्रयत्न केल्यास संघ बाद. त्या वाईट नव्हत्या. त्यांचं काम त्या करत होत्या, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाचे पाय धरता येतात. कागदाचे काय धरणार?

मला सगळं दिसत होतं. तो फोटो फिरत फिरत लातूरला येणार. भावकीतला कुणीतरी मोबाइल बाबांच्या नाकासमोर धरणार. बाबांचे हात छातीशी जाणार. माझं कॉलेज त्या टेबलावर टोप्यांच्या शेजारी पडलेलं होतं.

"ही डाळ कोणी दिली?" बाईंनी विचारलं. "विद्यार्थ्यांकडून गोळा केलीत का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. अर्धा क्षण. मी खाली बघितलं.

"माझी आहे," सर म्हणाले. "माझ्या घरची."

खोटं बोलायलाही भिणारा माणूस तो. हजेरीत एक पोरगा चुकून जास्त लागला तरी संध्याकाळी दुरुस्त करायला परत येणारा. तो माझ्या आईसाठी खोटं बोलला आणि मी तिथंच उभी असून गप्प राहिले. याची लाज मला आजही वाटते.

मग सर म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. पोरांना काही माहीत नाही. मला बाहेर काढा. मी फाटकाबाहेर थांबतो, आत पाऊल टाकत नाही. पोरांना करू द्या."

"तुमच्याशिवाय करतील ती?"

"नाही करणार," सर म्हणाले. "पण करू द्या."

बाई परीक्षकांकडं जाऊन आल्या. मान्य झालं. लिहून द्यायचं होतं, पण सरांच्या हातात पेन ठरेना, म्हणून मजकूर बाईंनीच लिहिला आणि सरांनी वाकडीतिकडी सही केली. मग ते मेकअपच्या खोलीच्या दारात आले. सगळ्यांवरून नजर फिरवली. ओठ हलले. एळू. आणि मागं न बघता निघून गेले. ज्या माणसानं आम्हाला चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा नजरेआड केलं नव्हतं, तो परक्या गावात सातही जणांना सोडून गेला.

पडदा उघडला. पहिल्या विंगेत कुणी नव्हतं.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग माझं मोठं वाक्य आलं आणि गेलं. म्हणजे डोक्यातून गेलं. मी विंगेकडं बघितलं. तिथं अंधार होता आणि एक खुर्ची. समोर ते दुधाच्या पिशवीवाले आजोबा दुसऱ्या रांगेत बसलेले. मला वाटलं, पडदा उघडला, मी बंद केला, असं सर म्हणाले होते ते हेच.

माझ्या हातात सूप होतं. त्यात खरी डाळ. दुसरं काही सुचेना म्हणून मी पाखडायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. आई करते तसं, मनगटातून. सगळ्या सभागृहात तेवढा एकच आवाज. जावेदनं हलगीवर बोटं ठेवली, पण वाजवली नाही. आईच्या अख्ख्या जन्माचा आवाज होता तो, आणि आमच्या खोलीबाहेर आजवर कुणी तो कान देऊन ऐकला नव्हता. इथं चारशे माणसं श्वास रोखून ऐकत होती. आठव्या की नवव्या पाखडणीला वाक्य आलं. मी ते बोलले, आमच्या भाषेत, मोठ्यानं. कुणी हसलं नाही.

पडदा पडल्याबरोबर आम्ही रंग न पुसता फाटकाकडं पळालो.

सर फुटपाथच्या कठड्यावर बसले होते, पाय पोटाशी घेऊन. खाली दोन कुत्री पसरलेली. सर तासभर हलले नव्हते. आम्हाला बघून हळूच म्हणाले, "पळू नका. झोपलीत." मग आधी मोजलं. सात भरल्यावर मला विचारलं, "वाक्य सुटलं का?"

"एक सुटलं, सर. मग धरलं."

त्यांनी मान हलवली आणि रुमालानं तोंड पुसलं.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. निकाल लागल्यावर ते दाढीवाले परीक्षक बाहेर आले, मागून संयोजक बाई. परीक्षक म्हणाले, "सर, आता निकाल लागला. आता देता का मला ती डाळ?"

"ब्याडप्पा!" सर दोन पावलं मागं गेले. "नियम आहे."

"मग टोपी तरी द्या हो. मापाची होती."

सरांनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "द्या सर, द्या." आणि हसल्या. सरांनी टोपी दिली. डाळ मात्र दिली नाही. तिन्ही पिशव्या घेऊन आम्ही लातूरला परत आलो.

स्टेशनवरून सर सरळ आमच्या खोलीवर आले. मी वाटेत म्हणाले होते, "सर, काही सांगू नका ना." बाबा दारातच उभे होते.

"काही बोलणं आलं का, सर?"

"आलं," सर म्हणाले. "मला आलं. पोरीला नाही."

"कशावरून?"

"डाळीवरून."

आई आतून धावत आली. "माझ्या डाळीवरून? अगं माय, खडा निघाला का काय?"

"खडा नव्हता हो बाई," सर म्हणाले, आणि टॉवेल-टोपीपासून फाटकापर्यंत सगळं सांगितलं. फक्त डाळ कुणाची म्हणाले ते गाळलं. ते मी सांगितलं. "त्यांनी आईचं नाव येऊ दिलं नाही, बाबा. मी उभी होते तिथं. मी भ्याले, बोलले नाही."

बाबांनी विचारलं, "सर, तुम्ही बाहेर किती वेळ बसलात?"

"तासभर."

"एकटेच?"

"दोन कुत्री होती."

शर्ट-पँटमधल्या माणसासमोर बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईनं त्यातलीच एक पिशवी फोडून वरण लावलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत सर अंगणात जाऊन थांबले. जेवताना बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोमवारी कॉलेज हाय ना हिचं? मग आज झोपू दे तिला."

सर निवृत्त होऊन गावाकडं गेले. आता मी नांदेडजवळ लोह्याला शिकवते. गेल्या हिवाळ्यात नऊ पोरं घेऊन त्याच डोंबिवलीला निघाले, तेव्हा सर देगलूरहून एसटीनं नांदेड स्टेशनला आले. वाकले होते, कानावर माकडटोपी होती. खिडकीच्या गजांपाशी येऊन त्यांनी पोरं मोजली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हत्तू." दहा.

"सर, मला कशाला मोजता?"

"तू पण जायलीस ना?"

गाडी हलली तसे ते घाबरून मागं सरले, पार खांबाला पाठ लावून उभे राहिले. पोरं गोंगाट करत होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी बघत होते. सरांनी खिशातून लाल चौकड्यांचा रुमाल काढला आणि वर धरला. आवाज वाढव. फलाट वळेपर्यंत तो हात वरच होता. त्यानंतर सर दिसले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते गेल्याचं जावेदनं फोन करून सांगितलं.

मी वर्गात गेले की अजून आधी पंख्याकडं बघते. सोयरीक तेव्हा परत गेली. मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.